गुरुजी, माजी तारीख खयची?

मैत्रिणींनो, रोजच्या पेपरात एका कोपऱ्यात ‘दिनविशेष’ नावाची छोटीशी चौकट असते. आज कोण जन्मलं, कोण गेलं, कुठली लढाई झाली, कुठला शोध लागला. खरं सांगा, आपल्यापैकी किती जणी ती वाचतात? आपल्या हातात पेपर येतो तोच मुळी दुपारी, भांडी-धुणी आवरल्यावर. त्यातही आधी राशिभविष्य, मग पाककृती, आणि डोळा लागला नाही तर बाकीचं!

आपल्या तारखा असतात त्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, बचत गटाचा हप्ता, कुणाकडचं हळदीकुंकू, आणि दर महिन्याची ती एक खूण, जी घरात फक्त आपल्यालाच कळते. ज्या ‘कालनिर्णय’वर आपण हे सगळं लिहितो ते सुरू करणारे जयंतराव साळगावकर आमच्या मालवणचे बरं का! १ फेब्रुवारी १९२९ला ते मालवणात जन्मले, १९७३मध्ये त्यांनी ‘कालनिर्णय’ सुरू केलं, २० ऑगस्ट २०१३ला ते गेले. या तारखा मला तोंडपाठ आहेत त्या काही माझ्या हुशारीने नव्हेत. आमच्या घरात एक चालतंबोलतं दिनविशेष आहे. माझे सासरे. आम्ही त्यांना मामंजी म्हणतो, आणि सगळी वाडी म्हणते ‘गुरुजी’.

मामंजी प्राथमिक शाळेत शिक्षक होते. ३१ मे १९९९ला निवृत्त झाले. मी या घरात सून म्हणून आले ती त्यानंतर दोन वर्षांनी, त्यामुळे सुरुवातीचे ते प्रसिद्ध सहा महिने मी पाहिलेले नाहीत. सासूबाईंकडून मात्र इतक्या वेळा ऐकलेत की पाहिल्यासारखेच वाटतात. निवृत्त नवरा घरात दिवसभर असला म्हणजे काय होतं, हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. मामंजींनी पहिल्याच आठवड्यात मसाल्याचे डबे अक्षरक्रमाने लावले. मग माळ्यावरचे नारळ मोजून भिंतीवर आकडा लिहिला. तिरफळं कोकमाच्या शेजारी का, डाळ एवढी का भिजवली, दुपारी पंखा कुणी चालू ठेवला... सासूबाई म्हणतात, “ह्ये रिटायर झाले आनि माजी ड्युटी वाढली!”

चाळीस वर्षं ज्या माणसाला घंटेवर उठायची-बसायची सवय, त्याला घंटाच नाही म्हटल्यावर तो करणार काय? शेवटी एका सकाळी सासूबाईंनी त्यांच्या हातात खडूची पेटी दिली आणि सांगितलं, “जावा, खयतरी लिवा!” रागानेच दिली होती. पण मामंजींनी ती मनावर घेतली. शाळेतून मोडीत निघालेला एक फळा त्यांनी सुताराकडून नीट करून घेतला आणि आमच्या एसटी थांब्याच्या शेडमध्ये टांगला. तेव्हापासून आजपर्यंत, आजारपणाचे आणि परगावचे दिवस सोडले तर, त्या फळ्यावर रोज दिनविशेष लिहिला जातो. आता वय चौऱ्याऐंशी. हात थरथरतो, पण वळण तेच. शिरोरेघ पट्टीने ओढल्यासारखी!

त्यांचा दिवस त्या चार ओळींभोवती फिरतो. पहाटे पाचला उठणं, चहा, आकाशवाणीवरच्या बातम्या. मग जाड वही उघडायची. वर्षाच्या ३६६ दिवसांची ३६६ पानं, एकोणतीस फेब्रुवारीलासुद्धा एक. आज काय लिहायचं ते निवडायचं, आणि पहिली एसटी यायच्या आत फळा तयार. संध्याकाळी पुन्हा वाचनालयात जाऊन उद्याच्या तारखेची खात्री करायची. हे ‘खात्री करणं’ म्हणजे आमच्या घरातला मोठा कार्यक्रम. मोबाइलवर आलेलं काहीही त्यांना चालत नाही. माझा मुलगा म्हणतो, “आजोबा, गूगलवर आहे ना!” त्यावर ते म्हणतात, “भिंतीवर लिहिलेलं असलं म्हणून खरं होत नाही. कुणी लिहिलं ते बघ.”

यावरून एकदा गावात थोडी नाराजीसुद्धा झाली. आमच्या जिल्ह्यातल्या विजयदुर्गावर १८ ऑगस्टला हेलियम दिवस साजरा होतो. १८ ऑगस्ट १८६८ला खग्रास सूर्यग्रहण झालं, त्याचा पट्टा आमच्या किनाऱ्यावरून गेला आणि त्या ग्रहणानेच हेलियम या वायूच्या शोधाची वाट उघडली, हे अगदी खरं. पण लॉकयर नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ स्वतः विजयदुर्गावर आले आणि तिथून त्यांनी हेलियम शोधला, असं सगळीकडे छापून येतं. आमच्या वाडीतल्या एका मुलीने भाषणात तेच पाठ केलं होतं. मामंजींनी पुस्तकं काढली. लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्येच होते. त्यांनी ग्रहणाविनाच सूर्याच्या कडेचा प्रकाश तपासला तो २० ऑक्टोबर १८६८ला. ग्रहणाच्या दिवशी भारतात होते ते फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन, आणि तेही आंध्रातल्या गुंटूरला. दोघांचे अहवाल पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचले गेले. सूर्याच्या प्रकाशातली ती वेगळी पिवळी रेघ म्हणजे नवं मूलद्रव्य, हे म्हणणं मात्र लॉकयरचं. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो पुढे १८९५मध्ये, रॅमसे यांना. मुलीची आई मला म्हणाली, “कशाक गो गुरुजींनी मधीच सांगितल्यानी? आपल्या गावचा नाव जाता ना!” मला तिचं दुःख कळलं. आपल्या किनाऱ्याचं नाव जगात झालेलं कुणाला नको? पण मुलीने मामंजींचं ऐकलं. ग्रहणाची सावली कोकणच्या किनाऱ्यावरून गुंटूरपर्यंत कशी सरकत गेली ते तिने खडूने नकाशा काढून सांगितलं, आणि माझ्या मते ते भाषण जास्त रंगलं.

फळ्यावर गावचं सगळं येतं. २५ नोव्हेंबर १६६४, सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी. १ मे १९८१, रत्नागिरीतून वेगळा होऊन आमचा जिल्हा झाला. २६ जानेवारी १९९८, कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली. ४ डिसेंबरचा नौदल दिन तर २०२३मध्ये मालवणातच झाला. पण हा दिवस ४ डिसेंबरलाच का, तर १९७१मध्ये आपल्या नौदलाने त्या दिवशी कराचीवर हल्ला केला म्हणून, हे थांब्यावरच्या निम्म्या लोकांना फळ्यामुळे कळलं. राजकोटवरचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ला कोसळला तेव्हा गावात काय काय बोललं गेलं ते विचारू नका. पुढच्या वर्षी त्या तारखेला मामंजींनी फळ्यावर एकच ओळ लिहिली, तारीख आणि घटना. ना शेरा, ना उद्गारचिन्ह. ११ जुलै २०२५ला सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन्ही किल्ले मराठ्यांच्या बारा किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा यादीत गेले, त्या दिवशी मात्र रंगीत खडू बाहेर निघाला!

आणि नोव्हेंबरातला एक दिवस त्यांचा स्वतःचा. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे ‘मी जिवंत आहे’ हे सिद्ध करायचं. पूर्वी ते इस्त्रीचा सदरा घालून बँकेत सही करायला जायचे. २०१४च्या नोव्हेंबरात डिजिटल दाखला सुरू झाला आणि आता मोबाइलसमोर चेहरा धरला तरी काम होतं. मी फोन धरते आणि सांगते, “मामंजी, डोळे मिचकवा.” तर म्हणतात, “सूनबाई, उभ्या आयुष्यात कुणाला डोळा मारला नाही, आता सरकारला मारायला लावतेस?” त्या दिवशी फळ्यावर सगळ्यात खाली लिहिलेलं असतं: ‘गुरुजी हयात आहेत.’ थांब्यावर सगळे हसतात. पण मला माहीत आहे, एखाद्या दिवशी फळा कोरा दिसला तर दहा मिनिटांत चार माणसं आमच्या खळ्यात येऊन विचारतात, “गुरुजी बरे आसत ना?”

आता मुख्य गोष्टीकडे येते.

मी बचत गटांचं काम करते, त्यामुळे त्या वहीकडे माझं लक्ष गेलं ते वेगळ्या कारणाने. ३६६ पानांत बायका किती? जिजाऊ १२ जानेवारी, सावित्रीबाई ३ जानेवारी, डॉ. आनंदीबाई जोशी ३१ मार्च, दुर्गाबाई भागवत १० फेब्रुवारी, लताबाई २८ सप्टेंबर... अजून काही होत्या, नाही असं नाही. पण पुरुषांच्या मानाने फारच थोड्या. मी विचारलं तर मामंजी म्हणाले, “ज्यांच्या नोंदी झाल्या त्यांच्याच तारखा मिळतात.” मला ते उत्तर पुरेसं वाटलं नाही, पण तेव्हा मी गप्प बसले.

आमच्या वाडीत मासे विकणारी एक मावशी आहे. पाटी डोक्यावर घेऊन सकाळच्या एसटीने बाजारात जाते. ११ नोव्हेंबर २००९ला फयान वादळ आलं, त्यात तिचा नवरा समुद्रावरून परत आला नाही. दरवर्षी ११ नोव्हेंबरला फळ्यावर ‘फयान वादळ, २००९’ एवढी ओळ असते. मावशी दुसरीपर्यंत शिकलेली, अक्षर लावून लावून वाचते. काही वर्षांपूर्वी अशाच एका ११ नोव्हेंबरला ती फळ्यासमोर थांबली आणि मामंजींना म्हणाली, “गुरुजी, ह्येंची तारीख दरवर्सा लिवतास. माजी खयची ता सांगा बगूया.”

मामंजी घरी आले ते गप्पच. जेवतानाही बोलले नाहीत. मग मला म्हणाले, “तिचं वय काय असेल गं?”

आणि तिथेच माझी ट्यूब पेटली! कारण मावशीच्या वयावरूनच तिचं एक काम अडलं होतं. श्रावणबाळ योजनेतून निराधार वृद्धांना दरमहा निवृत्तीवेतन मिळतं. २०२३पासून ते १,५०० रुपये आहे. अट अशी की वय ६५ पूर्ण हवं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत. मावशी पासष्टीची आहे हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण रेशन कार्डावर तिचं वय कुणीतरी अंदाजाने सात वर्षांनी कमी लिहिलेलं. एका कार्यालयातून तिला परत पाठवलं होतं, “अजून वय झालं नाही तुमचं.” सगळी हाडं कुरकुरतायत आणि कागद म्हणतोय अजून वय झालं नाही!

वयाचा पुरावा म्हणून रेशन कार्डाशिवाय आणखी काय काय चालतं, हे आपल्यातल्या पुष्कळ जणींना माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहिते. ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या जन्म नोंदवहीतला उतारा चालतो, शाळा सोडल्याचा दाखला चालतो, मतदार यादीतल्या वयाचा उतारा चालतो, आणि यातलं काहीच नसेल तर ग्रामीण किंवा नागरी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांनी दिलेला वयाचा दाखलासुद्धा. एका कागदावर अडलं म्हणून घरी बसू नका.

मावशी घरीच जन्मलेली, जन्माची नोंद सापडली नाही. पण ती दुसरीपर्यंत शाळेत गेली होती ना! मामंजींना माहीत होतं की शाळेचं जनरल रजिस्टर कधी टाकून देत नाहीत. पटावर एकदा नाव चढलं की ते तिथे राहतं, पोर चार दिवस आलं असलं तरी. आम्ही शाळेत गेलो. मुख्याध्यापिका बाईंनी लोखंडी कपाटाच्या तळातून रजिस्टर काढलं. पानं बिस्किटासारखी झालेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. मामंजी एकेका ओळीवरून बोट न टेकवता, हवेतून फिरवत होते. तासाभराने सापडली. मावशीचं माहेरचं नाव, वडिलांचं नाव, धंदा मासेमारी, आणि जन्मतारीख: १ जून १९५३.

मामंजी हसायला लागले. त्याच्या वरची मुलगी, १ जून. खालचा मुलगा, १ जून. त्याच्या खालचा, १ जून!

तुमच्याही घरात कुणी ना कुणी एक जूनवाला असेलच. त्या काळी आईबाप पोराला शाळेत घालायला आणत. तारीख विचारली तर ‘शिमग्यात झाला’, ‘भात कापताना झाली’ अशी उत्तरं. शाळा जूनमध्ये सुरू होणार, पोराचं वय तर बसलं पाहिजे, मग गुरुजी सरळ एक जून टाकून मोकळे. म्हणून तर दरवर्षी ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांमधून आणि शाळांमधून एवढे निरोप समारंभ होतात. एक तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. मामंजींची स्वतःची तारीखसुद्धा तीच, १ जून १९४१. त्यांची आई सांगायची की ते शिमग्यातले. म्हणजे जो माणूस लॉकयरची तारीख सोडत नाही, त्याच्या पेन्शनच्या कागदावरची तारीखच कुणा गुरुजींनी ठोकून दिलेली!

त्यांनी स्वतःही शिक्षक असताना अशा कितीतरी तारखा टाकल्यात. मी विचारलं, “तुम्हाला तेव्हा काही वाटलं नाही?” तर म्हणाले, “तेव्हा वाटायचं, रकाना रिकामा राहता कामा नये.” आणि थोड्या वेळाने, “रकाना रिकामा राहिला असता तर आज हिच्या हातात काय असतं?”

शाळेचा दाखला मिळाला. दोन-तीन खेपा झाल्या, पण मावशीचा अर्ज मंजूर झाला. पहिले पैसे खात्यात आले त्या दिवशी तिने आम्हाला पेडवे आणून दिले आणि काही केल्या पैसे घेतले नाहीत. पुढच्या १ जूनला फळ्यावर तिचं नाव आलं. नाव वाचून ती लाजली आणि पदराने पुसायला निघाली, तर एसटीच्या कंडक्टरने अडवलं!

तेव्हापासून आमच्या गटाच्या बायका १ जूनला सगळ्या एक जूनवाल्यांचा सामुदायिक वाढदिवस करतात. दिवसही सोयीचा आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, म्हणजे पुरुषमाणसं घरी, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या. एकेकीने एकेक पदार्थ करायचा. शिरवाळे आणि नारळाचा रस हवाच. केक आणू या म्हणून मुलं हट्ट धरतात, पण ज्यांचा वाढदिवस त्यांच्या तोंडात पुरेसे दात नाहीत, शिरवाळे बरे!

त्याच निमित्ताने गटात मी प्रत्येकीला विचारायला सुरुवात केली, “तुझी तारीख काय?” पन्नाशीच्या पुढच्या बऱ्याच जणींना माहीत नव्हती. पण त्यांच्या आठवणीत खुणा पक्क्या होत्या. कुणी म्हणे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी पाळण्यात होते, म्हणजे डिसेंबर १९६७. कुणी गोवा सुटलं त्या वर्षीची, म्हणजे १९६१. कुणी म्हणे आंगणेवाडीच्या जत्रेदिवशी झाले. आता आली का पंचाईत! भराडीदेवीच्या जत्रेचा दिवस दरवर्षी कौल घेऊन ठरतो, तो कुठल्या कॅलेंडरात शोधायचा? ते काम मामंजींकडे आहे आणि त्यांनी जुन्या पेपरांच्या गठ्ठ्यात डोकं घातलंय.

सगळ्यात अवघड प्रकरण निघालं ते आमच्याच घरातलं. सासूबाईंच्या आधार कार्डावर १ जानेवारी १९५५ आहे. तारीख माहीत नाही म्हटलं की तिथे १ जानेवारी पडते, जसा शाळेत १ जून. पण त्या सांगतात, “आवस सांगी, रामदास बोट बुडली त्याच्या फुडल्या म्हयन्यात, अधिकात. दुसऱ्या पंधरवड्यात. झेंडो लागाचो व्हतो.” रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना बुडाली ती १७ जुलै १९४७ला, गटारी अमावास्येला. सहाशेहून अधिक माणसं गेली. झेंडा म्हणजे १५ ऑगस्ट. म्हणजे सासूबाई देशापेक्षा थोड्याशा मोठ्या, आणि आधार कार्डाच्या हिशेबाने सात वर्षांनी लहान! ७५ पूर्ण झालेल्यांना २६ ऑगस्ट २०२२पासून एसटी मोफत आहे. खऱ्या वयाने त्या लगेच बसल्या असत्या, कागदाच्या वयाने अजून अर्ध्या तिकिटातच आहेत.

मामंजींनी पंचांग मांडलं. दर १९ वर्षांनी तिथी आणि तारखा जवळजवळ पुन्हा जुळतात. २०२३मध्ये अधिक श्रावण होता, २००४मध्ये होता, १९८५, १९६६ आणि त्याआधी १९४७. म्हणजे आजीचं ‘अधिकात’ बरोबर! पौर्णिमा २ ऑगस्टच्या आसपास, म्हणून दुसरा पंधरवडा ३ तारखेपासून, आणि झेंड्याच्या आधी म्हणजे १४पर्यंत. इथवर आले आणि अडकले. नेमका दिवस कोणता? वार आठवतो का? पाऊस होता का? दिवसा की रात्री? चार दिवस नुसते प्रश्न. शेवटी म्हणाले, “आपण ९ ऑगस्ट धरू या, क्रांतिदिन आहे, लक्षात राहील.”

सासूबाई भाजी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “धराधरी नको. तुमका दिवस गावाक नाय, तर पुरो पंधरवडो माजो. तेवडे दिवस सकाळची चाय तुमी करा.”

यंदा ३ ऑगस्टपासून मामंजींनी केली. आधी फळा, मग चहा. साखरेचा डबा कुठे आहे हे विचारावं लागलं नाही, अक्षरक्रमात तो त्यांनीच लावला होता.